आनंदीबाईंचें कूळ कोणतें?

चरित्रग्रंथाचें पहिलें प्रकरण बहुधा कुलवृत्तांताचें असतें, आणि वाचक तें बहुधा घाईनें ओलांडतो. पुरुषाच्या चरित्रांत त्यामुळें फारसें बिघडत नाहीं. परंतु चरित्रनायिका एकोणिसाव्या शतकांतील अल्पायुषी मुलगी असली, म्हणजे तिचें कूळ शोधावयाचें कोठें, ह्या प्रश्नानें चरित्रकाराच्या दृष्टीचीच परीक्षा होते. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्यावरील पुस्तकें ह्या कसोटीवर पाहण्यासारखीं आहेत.

शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या शेजारचें कल्याण हें आनंदीबाईंचें माहेर. १८६५ सालीं जन्मलेली ही यमुना, एके काळीं सधन पण पुढें ओढगस्तीस आलेल्या जोशी घराण्यांतील. नवव्या वर्षीं लग्न होऊन ती आनंदी झाली. आडनांव मात्र जोशीच राहिलें. कारण पति गोपाळराव हेहि जोशीच, पण संगमनेरचे. नांव बदललें आणि आडनांव जुळलें, तेव्हां केवळ वंशावळ घेऊन निघालेल्याचा माग दोन पावलांतच चुकावा! आमच्या वंशवृक्षांस फांद्या फुटतात त्या पुत्रांच्या. कन्या लग्नाबरोबर त्यांतून गळते.

पहिलें चरित्र लिहिलें तें अमेरिकन बाईनें. कॅरोलाइन हीली डॉल ह्यांचें पुस्तक १८८८ सालीं बॉस्टन येथें निघालें. त्याच्या नांवांतच आनंदीबाई ह्या पंडिता रमाबाईंच्या आप्त असल्याचें सांगितलें आहे. रमाबाईंचीं व्याख्यानें त्या वेळीं अमेरिकेंत चालू होतीं. तेव्हां परक्या वाचकास ही ओळख सोयीची वाटली असावी. नातें दूरचें, हें खरें. तथापि ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आनंदीबाईंस पदवी मिळाली, त्या प्रसंगास रमाबाई इंग्लंडाहून मुद्दाम आल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षीं स्वतःचा इंग्रजी ग्रंथ त्यांनीं आनंदीबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. दूरचें नातें असें जवळचें झालें. पण एका डॉक्टरणीची ओळख दुसरीच्या कीर्तीवरून करून देण्यांत थोडा उणेपणा राहतोच.

काशीबाई कानिटकरांचें मराठी चरित्र ह्या बाबतींत अधिक धीट आहे. आईनें आपणांशीं मायेनें शब्दहि काढला नाहीं, मार मात्र पुष्कळ दिला, ही आनंदीबाईंची कैफियत तेथें झांकलेली नाहीं. ज्या पतीनें शिकविलें, त्याचाच हात दहा वर्षांच्या मुलीवर कसा उठे, हेंहि तेथें कळतें. घराण्याचा इतिहास म्हणजे केवळ मोठेपणाची यादी नव्हे, हें काशीबाईंनीं त्या काळांत ओळखलें, ही त्यांची मोठी कामगिरी होय. श्री. ज. जोशी ह्यांच्या १९६८ च्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीनें ही कथा घरोघर नेली; परंतु कादंबरीच्या ओघांत वाचकाचें लक्ष दांपत्यावरच खिळतें, आणि तिसरें एक घर मागें पडतें.

तें घर न्यू जर्सीतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंचें. १८८० सालीं मिशनरी मासिकांत छापलेलें गोपाळरावांचें पत्र त्यांच्या वाचनांत आलें, आणि न पाहिलेल्या मुलीशीं त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या. जून १८८३ मध्यें बोटीवरून उतरल्यावर त्यांस आसरा मिळाला तो ह्याच मावशीच्या घरीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्या पुण्यास निवर्तल्या. गोपाळरावांनीं त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविली. पोकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत ती ठेविली आहे. कोणी अमेरिकन आपले पूर्वज शोधीत तेथें गेला, तर त्याच्या कुळांत कल्याणची ही मुलगी त्यास भेटेल! आमच्या वंशावळींत जिला जागा नव्हती, तिला त्यांच्या दगडावर मिळाली.

मुरबाडच्या वेशीवरील नाणेघाटांत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. तेथील प्रतिमा नष्ट झाल्या, नांवें उरलीं. त्यांत राजा व राजपुत्र ह्यांच्याबरोबर एका महारठीचेंहि नांव आहे, व तो राणीचा पिता असें मानतात. दोन हजार वर्षांपूर्वीं माहेर कुलवृत्तांतांत बसत असे, मग आज कां बसूं नये?

म्हणून पुढील चरित्रकारानें पहिल्या प्रकरणांत पणजोबांबरोबर आई, मावशी आणि मानलेली मावशी ह्यांसहि जागा द्यावी. त्यासाठीं साधन एकच, तें म्हणजे बायकांचीं पत्रें. तीं आपल्याहि घरच्या पेट्यांत असतील. रद्दींत घालण्यापूर्वीं वाचकांनीं एकदां उघडून पाहावींत.