एका अपघात-अहवालाचं गद्य

अपघाताच्या अहवालाचं कसलं रसग्रहण करायचं, असं कुणीही विचारील. पण ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोने जून २०१३ मध्ये काढलेला क्वांटासच्या क्यूएफ-३२ या उड्डाणाचा अहवाल सावकाश वाचावा असाच आहे.

घटना ४ नोव्हेंबर २०१०ची. सिंगापूरहून सिडनीला निघालेलं ए३८० विमान, आत ४६९ माणसं. बाताम बेटावर, सुमारे सात हजार फुटांवर, लागोपाठ दोन धमाके झाले. दोन नंबरच्या ट्रेंट ९०० इंजिनातली टर्बाइनची चकती फुटली आणि तिचे तुकडे डाव्या पंखातून आरपार गेले. विमान परत आलं. विमानातल्या कुणालाही इजा झाली नाही. थराराला एवढा वाव असूनही अहवाल विशेषणांची चैन करत नाही.

त्यातला माझ्या मते सर्वांत रसाळ भाग धमाक्याच्या आधीचा आहे. दोन नंबरच्या इंजिनातल्या तेलाची लक्षणं उरलेल्या तिघांपेक्षा वेगळी दिसू लागली होती: तापमान वर, दाब खाली. पण मर्यादा ओलांडलेली नसल्याने कॉकपिटमध्ये इशारा उमटला नाही. चार भावंडांतलं एक पोरगं आज नीट जेवत नाहीये, हे आईला ताप चढायच्या आधीच कळतं. आकडा ठरावीक रेषेपलीकडे गेला तरच बोलायचं, अशी शिकवण मिळालेल्या संगणकाला कळत नाही.

मग अहवाल आकाशातून थेट, हे इंजिन बनवणाऱ्या रोल्स-रॉइसच्या इंग्लंडमधल्या हकनॉलच्या कारखान्यात उतरतो. तेलाच्या एका आखूड नळीच्या आतलं छिद्र जरासं केंद्र सोडून कोरलं गेलं होतं. एका बाजूची भिंत पातळ राहिली, तिथे तडा गेला, गळलेलं तेल तापलेल्या पोकळीत पेटलं. चकती दांड्यापासून सुटली आणि भार उतरल्यामुळे बेफाम फिरून फुटली. खलनायक म्हणावा तर एवढाच, धातूचा पातळसा काठ.

स्फोटानंतर मात्र पडद्यावर इशाऱ्यांची झुंबड उडाली. त्यांची कामं उरकायला वैमानिकांना पन्नासेक मिनिटं लागली. काय बिघडलंय ते सोडून काय शाबूत आहे तेवढंच मोजायचं, हा कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी पुढे सांगितलेला विचार इथे पटतो. आणि खाली उतरल्यावरचा विनोद बघा: एक नंबरचं इंजिन चालू होतं, पण त्याला थांबवणाऱ्या तारा तुटलेल्या. फेसाचा मारा करून ते बंद पाडेपर्यंत तीन तास गेले.

नंतर रोल्स-रॉइसने इंजिनाच्याच संगणकात नवी आज्ञावली बसवली. टर्बाइन बेभान होऊ लागल्याची लक्षणं ओळखून, वैमानिकाला न विचारता, चकती फुटायच्या आत ती इंजिन बंद करते. वाचक म्हणून माझी भूक इथेच भागत नाही. चालतं इंजिन आपणहून बंद करणं हा भलताच मोठा अधिकार; खोट्या लक्षणांनी ती फसू नये म्हणून काय काय तपासलं, ते मला पानंच्या पानं वाचायला आवडलं असतं.