पोलो जीटी टीएसआय : सत्तर ते शंभरचं सौंदर्य

सुरतेहून अंकलेश्वरला रोज अपडाऊन करणारे बहुतेक जण रेल्वेचे पासहोल्डर. ज्यांच्या शिफ्टच्या वेळा गाडीच्या वेळांशी जुळत नाहीत ते मात्र स्वतःचं वाहन काढतात. कामरेज, किम, कोसंबा असा राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून एका बाजूचे साधारण साठ किलोमीटर होतात. एवढ्या रोजच्या धावपळीसाठी हिशेबी माणूस सीएनजीची गाडी बघतो किंवा एखादी जुनी डिझेल सेदान, आणि सुरतेसारख्या व्यापारी गावात ते रास्तच आहे. तरीही याच रस्त्यावर जिची खुमारी कळावी अशी एक छोटी गाडी आहे : आपल्या चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. २०१३ मध्ये ती आली तेव्हा चर्चा झाली ती शून्यावरून शंभरला ९.७ सेकंदांत पोचण्याची. मित्रमंडळींत ऐकवायला हा आकडा छान आहे, पण महामार्गावर शून्यापासून कोण सुरुवात करतो? हा रस्ता सत्तर आणि शंभरच्या दरम्यान चालतो, आणि या गाडीची सगळी कारागिरी नेमकी त्याच पट्ट्यात एकवटली आहे.

आधी रूप पाहू. स्पोर्टी म्हणवणाऱ्या गाड्यांवर पट्टे असतात, लाल कडा असतात, नसत्या जाळ्या असतात. इथे जाळीवर ‘जीटी’ ही दोन अक्षरं, काळे आरसे आणि छताच्या मागच्या कडेला एक छोटा स्पॉयलर, बस्स. कारखान्याच्या पार्किंगमध्ये उभी केली तर शेजारच्या साध्या पोलोपासून ती चटकन वेगळी काढता येत नाही. मिरवायचं नाही असं ठरवून केलेली ही सजावट रोजच्या गाडीला शोभते, आणि दहा वर्षांनीही ती जुनाट दिसत नाही.

बॉनेटखाली ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. १०५ पीएस ही त्याची ताकद आज कुणाला फार वाटणार नाही. रसिकाने नजर टाकावी ती टॉर्कवर : १७५ न्यूटन मीटर, आणि तेही सुमारे १५०० पासून ४१०० आरपीएमपर्यंत जवळजवळ सपाट. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा टर्बो सिलिंडरात जास्त हवा कोंबतो, पेट्रोल थेट सिलिंडरात फवारलं जातं, म्हणून एवढ्याशा इंजिनातून हा ओढा निघतो. याचा अर्थ किमच्या पुढे समजतो. उजव्या लेनमध्ये रसायनांचा टँकर, डावीकडे कंटेनर, दोघेही साठ-पासष्टने शेजारी शेजारी, आणि मागे रांग. बऱ्याच वेळाने टँकर डावीकडे सरकतो आणि जागा मिळते. टर्बो नसलेली बाराशे सीसीची हॅचबॅक अशा वेळी दोन गिअर खाली उतरवून ओरडवावी लागते. इथे पाय थोडा दाबला की सुई सत्तरवरून नव्वदवर गेलेली असते आणि आतल्या दोघांचं बोलणं थांबलेलं नसतं. तालमीत घाम गाळलेला पैलवान बाजारातून सावकाश चालतो, तशी ही गाडी रहदारीतून जाते. ताकद आहे म्हणूनच तिला घाई करावी लागत नाही.

इंजिनाचा हा शांतपणा टिकवतो तो सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. याला दोन क्लच. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. चौथा चालू असतानाच पाचवा जोडून तयार असतो; बदल म्हणजे एका क्लचने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं. धक्का बसायला मध्ये रिकामी जागाच उरत नाही. आता एक बारकावा, जो दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. सातव्या गिअरमध्ये ताशी शंभरला इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास फिरत असतं. टॉर्कचा सपाट माळ मात्र पंधराशेलाच सुरू झालेला असतो. म्हणजे सर्वांत आळशी वाटणाऱ्या गिअरमध्येही इंजिन भर माळावर उभं असतं, आणि हलक्या ओव्हरटेकसाठी गिअर उतरवावाच लागेल असं नाही. सर्व्हिस रोडवरून महामार्गात शिरताना मात्र लिव्हर ‘एस’वर घ्यावा, मग तोच गिअरबॉक्स गिअर धरून ठेवतो आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या आधी आपल्याला वेगात आणून सोडतो. या पेटीचे क्लच कोरडे असल्याने तिला मुंगीच्या चालीची रहदारी मानवत नाही. सरथाणा ते कामरेज हा सकाळचा टप्पा तिच्या सहनशीलतेचा. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून इंचाइंचाने सरकण्यापेक्षा ब्रेक धरून थांबावं आणि पुरेशी जागा झाली की एकदम निघावं. टोलनाका ओलांडला की ती आपल्या घरी आल्यासारखी मोकळी होते.

सस्पेन्शनची मांडणी चारचौघींसारखीच आहे : पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. कसब आहे ते स्प्रिंग आणि डॅम्परच्या जुळणीत. उधन्याच्या गल्लीबोळांत ती जरा ताठर वाटते, खड्डा कुठे होता ते कंबरेला सांगते. पण पुलावरच्या लोखंडी सांध्यांवरून ऐंशी-नव्वदने जाताना फरक कळतो. ‘धप्’ असा एकच आवाज होतो आणि गाडी जागच्या जागी स्थिर. मऊ गाडी त्यानंतर दोन-तीनदा डुलते आणि प्रत्येक डुलण्याला हात स्टिअरिंगवर नकळत दुरुस्ती करत राहतो. स्टिअरिंगही पार्किंगला हलकं आणि वेग वाढेल तसं जड होत जातं. उंच कंटेनरच्या शेजारून निघताना वाऱ्याचा झोत बसला तरी रेघ सुटत नाही. रोज जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर काटणाऱ्याला दमवतात त्या अशा शेकडो किरकोळ दुरुस्त्या. त्या वाचवणं हाच या ताठरपणाचा हेतू आहे, आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर खांद्यांना तो समजतो.

बसण्याची सोयही याच विचारातून आली आहे. स्टिअरिंग वरखाली होतं, शिवाय पुढेमागेही. म्हणून लांब पायांच्या माणसाला हात ताणून बसावं लागत नाही आणि बुटक्याला पुढे सरकून छातीशी चाक घ्यावं लागत नाही. शोरूममध्ये हे तपासायला कुणी थांबत नाही, आणि पाठ दुखू लागल्यावर सगळ्यांना आठवतं.

मजबुतीची कथा सर्वांना ठाऊक नसते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली पोलो आपटून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅगवाल्या पोलोला मात्र प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, आणि कंपनीने एअरबॅगशिवायची गाडी विकणं बंद केलं. जीटीमध्ये एअरबॅगखेरीज घसरण सावरणारं ईएसपीही होतं. साखर कारखान्यांच्या हंगामात, मागे दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर अंधारातून अचानक उगवणाऱ्या या पट्ट्यात त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

उणिवा आहेतच. मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा कमी, तिथे रोज तीन सहकारी बसवण्याचा बेत असेल तर ही गाडी नको. कागदावरचा मायलेज लिटरला १७ च्या घरात. प्रत्यक्षात १५ धरला तर ४५ लिटरची टाकी सोमवारी भरून शुक्रवार-शनिवारपर्यंत पुरते. सीएनजीवाला हसेल, त्याला हसू द्यावं. २०२० मध्ये या इंजिनाच्या जागी एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं, डीएसजी गेला, आणि २०२२ मध्ये पोलोचं उत्पादनच थांबलं.

त्यामुळे आता ही गाडी मिळेल ती जुन्या बाजारातच. घ्यायची झाली तर गिअरबॉक्सच्या सर्व्हिसच्या नोंदी आधी मागाव्यात, आणि टेस्ट ड्राइव्ह रिंग रोडवर अजिबात घेऊ नये. कामरेज ओलांडून जावं, सत्तरवर डाव्या लेनमध्ये स्थिर व्हावं, पुढे ट्रक येऊ द्यावा, आणि मग पाय थोडासाच दाबावा. पटायची असेल तर ती तिथेच पटेल. नाही पटली तर बिनधास्त सीएनजी घ्यावी.