कुणाची कला, कुणाचं अंग?

‘लास्ट टँगो इन पॅरिस’ हा १९७२ चा सिनेमा. दिग्दर्शक इटलीचा बर्नार्दो बर्तोलुच्ची, नायक अमेरिकेचा मार्लन ब्रँडो, नायिका फ्रान्सची मारिया श्नायडर. बायकोनं आत्महत्या केलेला एक अमेरिकन आणि एक तरुण मुलगी रिकाम्या फ्लॅटमध्ये भेटतात. एकमेकांचं नाव विचारायचं नाही, या अटीवर शरीरसंबंध ठेवतात. स्टोरारोचा कॅमेरा आणि बार्बिएरीचं संगीत अव्वल आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘तुम्हांला कला कळत नाही’ म्हणायची कुणाला सोय नको.

या सिनेमावर रान उठलं. १९७६ साली इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. बर्तोलुच्चीला चार महिन्यांची स्थगित शिक्षा झाली, पाच वर्षं मताचा अधिकार गेला. बंदी उठली ती १९८७ साली. एक बाजू ओरडत होती अश्लील, दुसरी ओरडत होती कला. दिग्दर्शक हुतात्मा ठरला. ज्या पोरीच्या अंगावर हे सगळं चित्रित झालं, तिला कुणी विचारलं? न्यायालयाला समाजाच्या नीतीची काळजी, कलावंतांना स्वातंत्र्याची. मारिया दोघांच्याही हिशेबात नव्हती.

ती तेव्हा एकोणीस वर्षांची. बाप नट, पण त्यानं तिला नाव दिलं नव्हतं. ब्रँडोचं वय तिच्या दुपटीहून जास्त. सिनेमात नायक लोणी वापरून मुलीवर बलात्कार करतो. तो अभिनयच होता. पण २००७ साली मारियानं सांगितलं की हा प्रसंग पटकथेत नव्हता, आपल्याला ऐनवेळी कळला, पडद्यावरचे अश्रू खरे होते आणि आपल्यावर थोडासा बलात्कारच झाल्यासारखं वाटलं. वकिलाला बोलवायला हवं होतं, पण तेव्हा तेवढं माहीत नव्हतं, असंही ती म्हणाली. २०११ साली ती वारली. २०१३ साली बर्तोलुच्ची म्हणाला, लोण्याची कल्पना त्याला आणि ब्रँडोला त्याच सकाळी न्याहारी करताना सुचली. तिला मुद्दाम सांगितलं नाही, कारण नटीची नव्हे, मुलीची प्रतिक्रिया हवी होती. अपराधी वाटतं, पण पश्चात्ताप नाही. पुढं २०१६ साली खुलासा केला की हिंसा पटकथेत होतीच, लपवलं ते फक्त लोणी. बरं, लोणी तर लोणी! तिच्या अंगावर काय वापरायचं ते दोन पुरुषांनी ठरवलं, हे तर त्याच्याच तोंडचं. १९७४ च्या ऑस्करला त्या दोघांना नामांकन मिळालं. तिला नाही.

आता दोस्तांनो, ही माणसं कोण होती ते बघा. बर्तोलुच्ची कम्युनिस्ट. ब्रँडो तर आपल्याला जवळचा वाटावा असा. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं, त्यांच्यातला सतरा वर्षांचा बॉबी हटन १९६८ साली पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीला ब्रँडो हजर होता, बोलला होता. १९७३ साली अमेरिकेच्या आदिवासींसाठी त्यानं ऑस्कर नाकारलं. हे खोटं नव्हतं. पण तोच माणूस त्या सकाळी न्याहारीच्या टेबलावरही होता. हे सुद्धा खोटं नाही.

म्हणून कुणाच्या घोषणा ऐकून त्याच्या कलेला पास करू नका. माणसाला न विचारता त्याचं अंग वापरायचं आणि वर त्यालाच थोर परंपरा म्हणायचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय. तेच पॅरिसमध्ये झालं तर ते क्रांतिकारी कसं होईल?

डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक या संस्थेनं हा सिनेमा लावायचं ठरवलं, तेव्हा बायकांनी हरकत घेतली आणि खेळ रद्द झाला. माझं म्हणणं बंदी घाला असं नाही. सिनेमा बघा, पण मारियाची साक्ष वाचून बघा. आणि उद्या आपण स्वतः पथनाट्य बसवू, तेव्हा तालमीतल्या मुलीला पूर्ण संहिता आधी हातात द्या. ती नाही म्हणाली तर प्रसंग बदला, मुलगी बदलू नका.