पीकपाहणी : डोळ्यांची साक्ष आणि यंत्राची साक्ष

सातबारा हा साहित्यकृतीत मोडणारा लेख नव्हे. तथापि महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात इतक्या बारकाईने वाचला जाणारा दुसरा लेख क्वचितच आढळेल. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, या दोहोंच्या जोडीतून तो सिद्ध होतो. पहिला भाग जमीन कोणाची हे सांगतो, दुसरा तीत काय पिकले हे सांगतो. या दुसऱ्या भागाचे लेखकत्व अलीकडे तलाठ्याकडून खातेदाराकडे आले आहे. या पालटाची चिकित्सा मोहोळ तालुका समोर ठेवून येथे करावयाची आहे.

मोहोळची निवड सहेतुक आहे. उजनीच्या कालव्याखालील ऊस आणि केवळ ओलीवर येणारी रब्बी ज्वारी ही दोन्ही पिके या एकाच तालुक्यात नांदतात. शिवाय १९३०च्या दशकात याच मोहोळात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडपद्धतीने ‘मालदांडी ३५-१’ हा वाण सिद्ध झाला. उभ्या पिकाकडे जाणत्या डोळ्याने पाहिल्याने काय साधते, याचे ते उत्तम उदाहरण होय.

महसुली पाहणीला मात्र हा जाणता डोळा नेहमीच लाभला असे म्हणता येत नाही. नियमाप्रमाणे तलाठ्याने गावास आगाऊ सूचना देऊन शिवारात जावे, अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात ही पाहणी पुष्कळदा चावडीत बसूनच उरकली जाई, हा आक्षेप जुना आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ‘ई-पीक पाहणी’ हे या दोषावरील उत्तर होते. खातेदाराने आपल्या मोबाईलवरून उभ्या पिकाचे छायाचित्र घ्यावे, त्यासोबत अक्षांश-रेखांश नोंदले जावेत, अशी ही योजना. २०२२च्या सुधारित आवृत्तीत खातेदाराची नोंद स्वयंप्रमाणित मानण्यात आली. दुरुस्तीला अठ्ठेचाळीस तासांची मुदत मिळाली आणि तलाठ्याकडे किमान दहा टक्के नोंदींची पडताळणी राहिली. बांधावर न जाता भरलेल्या नोंदीपेक्षा बांधावरून पाठविलेले छायाचित्र अधिक विश्वसनीय, हे निर्विवाद आहे.

परंतु विश्वसनीय कशाविषयी, हा प्रश्न उरतोच. छायाचित्र पीक सिद्ध करते. ते पीक कोणी काढले हे सिद्ध करीत नाही. नमुना बाराच्या जुन्या प्रतीत ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा एक रकाना असे. त्याचे महत्त्व कारकुनी नव्हते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ यातील सुधारणेन्वये १ एप्रिल १९५७ रोजी, कृषकदिनी, कुळे जमिनीचे खरेदीदार मानली गेली. त्या काळी पाहणीपत्रकातील आपल्या नावाची ओळ हा कित्येक कुळांचा मुख्य पुरावा ठरला. एका रकान्याने मालकीचे राजकारण पालटले.

नव्या व्यवस्थेत प्रवेशच मुळी खातेदाराच्या नावाने होतो. मोहोळात जो दुसऱ्याचे रान वाट्याने करतो, ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याची मेहनत त्या छायाचित्रात दिसते, पण त्याचे नाव त्याच्याखाली येत नाही. जी स्त्री खुरपणीपासून काढणीपर्यंत राबते, पण जिचे नाव सातबाऱ्यावर चढलेले नाही, तिचीही गत तीच. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई यांचे मार्ग पिकाच्या नोंदीतून जातात. म्हणून हे वगळणे वाङ्‌मयीन नसून आर्थिक आहे. तलाठ्याच्या डोळ्याला पक्षपात शक्य होता, हे खरे. पण शेतात कोण उभा आहे हे त्याला दिसत तरी असे. स्वयंप्रमाणनात नांगरधारी कोण, हे सांगण्याचे काम मालकावर येते, आणि मालकाला ते सांगण्याचे कारण नसते. कुळकायद्याचे भय अजून सरलेले नाही, हे येथे विसरता कामा नये.

याचा अर्थ यंत्र टाकून द्यावे असा नव्हे. संगणकीकृत सातबाऱ्यातील चुका शोधण्यासाठी शासनाने २०१७ मध्ये चावडीवाचनाची मोहीम हाती घेतली. अत्याधुनिक अभिलेखाच्या शुद्धीसाठी अत्यंत जुन्या संस्थेकडे वळावे लागले, ही घटना अर्थपूर्ण आहे. पडद्यावरील यादी ज्याची त्याने एकट्याने पाहावयाची असते. चावडीत वाचलेली यादी शेजाऱ्याच्याही कानी पडते, आणि ‘ते रान तर अमुक करतो’ असे उद्गार तेथेच निघतात. नोंदीला साक्षीचे मूल्य येते ते अशा प्रतिवादाच्या शक्यतेमुळे.

म्हणून दोन गोष्टी आवश्यक वाटतात. हंगामाअखेर ई-पीक पाहणीच्या नोंदींचे गावोगाव जाहीर वाचन व्हावे. आणि जमीन करणाऱ्याला खातेदाराच्या संमतीवाचून आपले म्हणणे नोंदविता यावे, त्याची चौकशी तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, शिवारात जाऊन करावी. आपल्या विद्यापीठीय संशोधनात सातबारा आधारसामग्री म्हणून सर्रास वापरला जातो. २०२१ नंतरच्या नोंदींवरून कसणाऱ्यांविषयी निष्कर्ष काढताना त्या नोंदी मालकाने लिहिलेल्या आहेत, एवढे भान अभ्यासकाने ठेवणे अगत्याचे आहे.