वेताळाचं रान कोणाचं?

'फँटम' या शब्दासाठी मराठीत भूत, छाया, आभास, पिशाच असे चार-पाच पर्याय सहज सुचतात. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनगृहाने मार्च १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि ली फॉकचा हा बुरखाधारी नायक मराठी बोलू लागला, तेव्हा त्याला यांतलं एकही नाव मिळालं नाही. तो 'वेताळ' झाला. मराठीतल्या लोकप्रिय भाषांतरांचा इतिहास कोणी नीट लिहिला, तर या एका शब्दाला स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल असं मला वाटतं. कारण या शब्दाने एका अमेरिकन वृत्तपत्रीय मालिकेचा नुसता अनुवाद केला नाही, तर तिला एक मूळ बहाल केलं जे तिचं नव्हतं. आणि जे तिचं खरं मूळ होतं ते झाकूनही टाकलं.

आपल्याकडे वेताळ दोन आहेत. एक 'वेताळपंचविशी'तला, झाडाला लोंबकळणारा, विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा. चांदोबाच्या वाचकांना तो शंकर या चित्रकाराच्या चित्रातून पाठ आहे: उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. फॉकच्या नायकाचं या बोलक्या वेताळाशी काहीही नातं नाही. तो मोजकं बोलतो आणि कोडी तर मुळीच घालत नाही.

दुसरा वेताळ गावाच्या वेशीवरचा. शेंदूर फासलेला दगड, भुतांचा राजा, पण गावाचा राखणदार. अमावस्येच्या रात्री मशाली घेऊन त्याची फेरी निघते अशी समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. गोव्यात तो बेताळ होतो. आमोण्याला, लोलयेला तो मोठा देव आहे. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाभोवती फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. फॉकने आपल्या नायकाला जी बिरुदावली दिली तिचा अर्थच मुळी 'चालणारं भूत' असा आहे. ज्या कोणी हा शब्द निवडला त्याच्या मनात आरवली असेल वा नसेल, पण शब्द नेमका तिथे जाऊन बसला. बंगालीत याच नायकाला 'अरण्यदेव' म्हटलं गेलं. नाव भारदस्त आहे, पण त्यात भूत नाही आणि चालणंही नाही. मराठी नाव अधिक चांगलं आहे, हे म्हणताना माझा प्रांताभिमान थोडा डोकावत असेल तर असो.

कन्हानमध्ये या नावाची आणखी एक गंमत होती. कोळशाच्या खाणींमुळे इथे छत्तीसगड, बिहार, आंध्र असा सगळीकडचा माणूस आलेला. मुलं एकाच वेळी हिंदीतला 'वेताल' आणि मराठीतला 'वेताळ' वाचायची. दोघांत फरक एका अक्षराचा, आणि तेही अक्षर आमच्या बोलीत टिकत नाही. कोळशाचा 'कोयसा' करणारी पोरं वेताळालाही सोडत नसत. तरी हिंदी अंक घेतलेल्याला तो परका वाटे आणि मराठी अंक घेतलेल्याला गावचा, हा अनुभव मी एकट्याचा समजत नाही. उत्तरेकडच्या 'बेताल'मागे कथा आहे. आपल्या वेताळामागे देऊळ आहे.

आता खऱ्या उगमाकडे. ली फॉकने १९३४मध्ये जादूगार मँड्रेक सुरू केला आणि १७ फेब्रुवारी १९३६ला फँटम. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा ही पुढच्या सगळ्या अतिमानवी नायकांची खूण पहिल्यांदा इथे दिसली. सुपरमॅन १९३८चा, बॅटमॅन १९३९चा. मुखवट्यामागचे कोरे डोळे ग्रीक पुतळ्यांवरून सुचल्याचं फॉक सांगत असे. पोशाख त्याच्या मनात करडा होता. १९३९मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली आणि तो जांभळा छापला गेला. तो जांभळाच राहिला. पहिली कित्येक वर्षं चित्रं रे मूरची, मग विल्सन मकॉयची, आणि १९६०च्या दशकाच्या आरंभापासून साय बॅरीची. आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर जो वेताळ आहे तो बहुतांशी बॅरीचा.

फॉकने स्वतःची ओळख जगभर फिरलेला प्रवासी अशी करून दिली होती. पुढे त्यानेच कबूल केलं की तेव्हा त्याने फारसं काही पाहिलेलं नव्हतं. त्याचं जंगल पुस्तकांतून आलं: टारझनमधून आणि किपलिंगच्या 'जंगल बुक'मधून. नायकाचं रक्षण करणाऱ्या बुटक्या टोळीचं नाव त्याने 'बांदर' ठेवलं ते थेट किपलिंगच्या माकडांवरून. किपलिंगने तो शब्द आपल्याकडून नेलेला. म्हणजे ज्याला आपण वांदर म्हणतो तो शब्द लाहोर, व्हरमाँट, सेंट लुईस, न्यूयॉर्क असा फिरून मुंबईच्या छापखान्यात परत आला, आणि येताना माकडाचा माणूस झाला. यात विनोद आहे, पण फार सुखाचा नाही.

किपलिंगचं जंगल कुठलं? सिवनीचं. 'जंगल बुक' १८९४चं, लिहिलं गेलं अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. सिवनीच्या रानात किपलिंग स्वतः फिरला नव्हता. त्याच्या हाताशी रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याचं सातपुड्यातल्या मुक्कामावरचं, १८७७चं पुस्तक होतं. त्याच्या कथांत वैनगंगा येते, कान्हीवाडा येतो. याच टापूला लागून पेंच वाहते, ती खाली येऊन कामठीजवळ कन्हानला मिळते, आणि कन्हान पुढे वैनगंगेला. नागपूरकर ज्या दोन नद्यांचं पाणी पितात त्यांच्या वरच्या अंगाला मोगलीचं रान आहे. म्हणजे वेताळाच्या घनदाट अरण्याचा उगम शोधत निघालं की माणूस आफ्रिकेत पोचत नाही. तो कन्हानच्या पुलावर येऊन उत्तरेकडे बघायला लागतो.

हे स्थानिक कौतुक म्हणून सांगत नाही. या साखळीत एक गोष्ट प्रत्येक कडीला गळत गेली आहे: रानातली माणसं. स्टर्नडेलने निदान शिकारी, वाटाडे पाहिले होते. किपलिंगच्या कथेत गोंड क्षणभर येतात ते लहानखुरे, काळे शिकारी म्हणून. फॉककडे गोंडही उरले नाहीत. उरली विषारी बाण मारणारी, बुटकी, निनावी टोळी, तिचा एक गुरान नावाचा प्रमुख, आणि तिच्या मधोमध कवटीच्या सिंहासनावर बसलेला गोरा माणूस. १५३६मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका दर्यावर्द्याने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून एकवीस पिढ्या बापामागून मुलगा असा तोच पोशाख घालत आले. जंगलातल्या लोकांना वाटतं तो एकच आहे, अमर आहे. बांदर टोळी सोडली तर हे गुपित कोणाला ठाऊक नाही. वाचकाला मात्र आहे. कथेची सगळी मौज या गुपितात आहे, आणि कथेचा सगळा दोषही तिथेच आहे. आरवलीत चपला करणाऱ्या चांभाराला ठाऊक असतं की चप्पल त्याने केली आहे; श्रद्धा ही त्याची आणि गावाची, त्यांनी मिळून सांभाळलेली. फॉकच्या जंगलात श्रद्धा ही वरच्याने खालच्यांवर चालवलेली युक्ती आहे.

'वेताळ' या नावाने आपल्याला हे दिसू दिलं नाही. राखणदार म्हटल्यावर तो गावाचाच असणार, असं आपण धरून चाललो. आदिवासी रानाच्या इतक्या जवळ राहून आम्ही मुलं रामटेक-देवलापारच्या बाजूने बाजाराला येणाऱ्या गोंडांना बांदर टोळीत पाहत होतो आणि स्वतःला वेताळात. चांगल्या अनुवादाची ही किंमत मोजली गेली आहे, आणि मालिकेवरच्या मराठी स्मरणरंजनात तिचा उल्लेखही नसतो.

फॉकला न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं की तो थांबून राहिला नाही. १९६०च्या दशकात वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या तेव्हा त्याच्या कल्पित देशातही लुआगा नावाचा कृष्णवर्णीय डॉक्टर निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष झाला. सुरुवातीचा आशियाई वाटणारा मुलूख हळूहळू आफ्रिकेत सरकला. डायना संयुक्त राष्ट्रांत नोकरी करू लागली. सिंहासन तेवढं हललं नाही.

मुंबईच्या संपादकांनी जे बदल केले ते या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे आहेत. मूळ मालिकेत देशाचं नाव 'बेंगाली' असं होतं. इंद्रजालमध्ये ते 'डेंकाली' झालं. चाच्यांची टोळी 'सिंग' होती. ती 'सिंगा' झाली. विसाव्या वेताळाचा, म्हणजे आपल्या नायकाच्या बापाचा खुनी मुळात 'रामा'. तो 'रामलू' झाला. तीन नावं, आणि तिन्हींतून एकच गोष्ट पुसली गेली: या कथेतले खलपुरुष मुळात आपण होतो. विक्रीच्या दृष्टीने दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. खुन्याचं नाव रामा ठेवून अंक कुठल्या स्टॉलवर चालला असता? पण संपादकाने एका हाताने भारतीय नाव नायकाला दिलं आणि दुसऱ्या हाताने भारतीय नावं खलनायकांची काढून घेतली, तेव्हा अनुवाद संपून पुनर्लेखन सुरू झालं. याला मी फसवणूक म्हणणार नाही. उलट इंद्रजालमधलं सर्वांत सर्जनशील काम मला याच तीन शब्दांत आणि 'वेताळ' या चौथ्यात दिसतं.

बाकी यांत्रिक काम होतं, पण तेही समजून घ्यावं. वृत्तपत्रातली रोजची पट्टी तीन-चार चौकटींची. पहिली चौकट बहुधा कालच्याची आठवण करून देणारी. अशा महिनोन्महिने चाललेल्या पट्ट्या कापून पुस्तकाच्या पानावर बसवायच्या तर आठवणीच्या चौकटी गाळाव्या लागतात, काही कडांनी छाटाव्या लागतात, रंग भरावे लागतात. अंकाची पानं ठरलेली, म्हणून कथाही आखडते. संवादाचा फुगा इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या मापाने काढलेला; त्यात वर वेलांटी आणि खाली उकार असलेली देवनागरी कोंबायची म्हणजे वाक्य तोडावंच लागतं. वेताळाची ती तुटक, हुकमी मराठी काही अंशी या फुग्याच्या मापाने घडवली. फॉकच्या सावकाश चालणाऱ्या गोष्टी आपल्याला धावत्या वाटल्या त्याचं श्रेय कात्रीला आहे.

कात्रीने काळही कापला. पहिल्या अंकातली गोष्ट वेताळाच्या पट्ट्याची, मालिकेच्या मधूनच उचललेली. तोवर मूळ मालिका २८ वर्षं चालली होती. पुढेही मकॉयची गोष्ट संपून बॅरीची सुरू व्हायची आणि नायकाचा चेहरा बदललेला दिसायचा. मुलांनी याचा अर्थ आपल्यापरीने लावला होता: हा वेगळ्या पिढीतला वेताळ. कथेच्या तर्काने तो अगदी बरोबर होता.

इंद्रजालला स्वतःचा नायक मिळाला तो १९७६मध्ये, आबिद सुरतींचा बहादूर. केशरी कुडता, जीन्स, मुखवटा नाही. बाप दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीने मेलेला. ज्या पोलिसाने त्याला मारलं त्यानेच मुलाला वाढवलेलं. वेताळ बापाच्या खुन्याची कवटी जपतो, बहादूर बापाच्या खुन्याकडे वाढतो आणि गावकऱ्यांचंच नागरिक सुरक्षा दल उभं करतो. फॉकला इतकं चोख उत्तर दुसऱ्या कोणी दिलेलं मला माहीत नाही. चित्रं आणि गती यांत बहादूर कमी पडतो हे खरं, पण कल्पनेत तो मोठा आहे.

इंद्रजाल १९९०मध्ये बंद झालं. अमेरिकेत हर्मिस प्रेसने २०१०पासून फँटमच्या मूळ पट्ट्या तारखांसह, चित्रकारांच्या नावांसह ओळीने पुन्हा छापायला घेतल्या. मराठी अंक रद्दीत आणि हौशी संग्राहकांच्या कपाटांत उरले आहेत. त्यांचं पुनर्मुद्रण कोणी काढलंच, तर ते मूळ इंग्रजीवरून नव्याने शुद्ध करून काढू नये. डेंकाली डेंकालीच राहू द्यावं, रामलू रामलूच. समासात लहान टाइपात तो मुळात कोण होता ते छापावं, गोष्ट कुठल्या सालची आणि चित्रं कोणाची तेही. आणि सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं रंगवणाऱ्या बी. गोविंद यांचं नाव चांगलं ठळक.