सिंधू जलकरार : तिसऱ्या सहीचा अर्थ

उल्हासनगरला उल्हास आणि वालधुनी या नद्या आहेत, सिंधू नाही. तरी चेटीचंडला बहराणा पाण्यात सोडताना झुलेलालचा जयजयकार होतो, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मनात सिंधूच असते. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या या निर्वासितांच्या शहरात बसून १९६० चा सिंधू जलकरार वाचताना मला एक प्रश्न पडतो. पाण्याच्या बाबतीत जे साधले, ते मागे राहिलेल्या घरांच्या बाबतीत का साधले नाही?

करारावर कराचीत १९ सप्टेंबरला नेहरू आणि अयूब खान यांच्याबरोबर जागतिक बँकेच्या इलिफ यांनी, ठरावीक कलमांपुरती, सही केली. मध्यस्थ म्हणजे दोघांची समजूत घालणारा, असे आपण मानतो. बँकेने त्याहून अधिक केले. १९५२ मध्ये सुरू झालेली संयुक्त नियोजनाची बोलणी अडली, तेव्हा १९५४ मध्ये तिने स्वतःचाच प्रस्ताव मांडला : रावी, बियास, सतलज भारताला, सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. पाकिस्तानातील पर्यायी कालव्यांसाठी तिने अनेक देशांकडून निधी उभारला. भारतानेही सुमारे ६ कोटी २० लाख पौंड दिले. मध्यस्थ तटस्थ होता, पण रिकाम्या हाताने आला नव्हता.

निर्वासितांच्या स्थावर मालमत्तेच्या वाटाघाटींना असा तिसरा लाभला नाही. त्या निष्फळ ठरल्या आणि भारताने १९५४ चा नुकसानभरपाई कायदा करून आपल्या बाजूपुरती सोय लावली.

एप्रिल २०२५ मध्ये भारताने जलकरार स्थगित ठेवला. आपली भूमिका केवळ साहाय्यकाची आहे, असे बँकेच्या अध्यक्षांनी सांगितले. मे महिन्यात शस्त्रसंधीची घोषणा आधी अमेरिकेच्या अध्यक्षांनी केली. भारताने मध्यस्थीचा दावा फेटाळला. १९७२ च्या सिमला करारापासूनचे आपले द्विपक्षीय धोरण समजण्यासारखे आहे. पण त्यासाठी १९६० चा अनुभव विसरण्याचे कारण नाही. तसेच नुसत्या घोषणेला मध्यस्थी म्हणणे म्हणजे त्या शब्दाचा अर्थच पातळ करणे होय.

म्हणून नव्या मध्यस्थाला मी दोन प्रश्न विचारेन. तुम्ही स्वतः काय देणार? आणि ज्यांची घरे गेली, त्यांच्या वतीने बोलणीच्या टेबलावर कोण बसणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९६० च्या करारातही नाही.