तुणतुणे कानांत की नुसते हातात?

अणदूरच्या खंडोबापुढचे जागरण आणि युरोपातील बरोक संगीत एकाच लेखात आणताना संकोच वाटतो, पण मला येथे तिकडचा दाखला उपयोगी पडतो. विसाव्या शतकात तिकडच्या काही वादकांनी अठराव्या शतकातील जडणघडणीची वाद्ये पुन्हा हाती घेतली. चेलोला पोलादाऐवजी आतड्याच्या तारा लावल्या. जमिनीवर टेकवायची खुंटी काढली, वाद्य पोटऱ्यांत धरले. पट्टी ४४० हर्ट्‌झऐवजी सहसा ४१५, म्हणजे सुमारे अर्धा स्वर खाली.

ही जुनेपणाची हौस नव्हे. खरा लाभ होतो तो साथीच्या हार्पसिकॉर्डला. त्याची तार पिसाच्या टोकाने छेडली जाते. पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज फारसा वाढत नाही. पोलादी तारांचा चेलो त्याला सहज गिळतो. बाखने व्हायोला द गांबा आणि हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेले तीन सोनाटा आज चेलोवरही वाजवतात. त्यांत हार्पसिकॉर्डच्या उजव्या हाताला स्वतःची चाल आहे. तीच बुडाली तर संवादाचे भाषण होते.

जागरणात हार्पसिकॉर्डची ही अवस्था तुणतुण्याची होते. एक तार, एक सूर. ओरडायची सोय नाही. वाघ्याच्या तोंडाशी माइक आला की दिमडी कशीबशी टिकते, तुणतुणे मात्र हातात उरते, कानांत नाही. आपल्या नोंदींत वाद्याचे लाकूड, कातडे, तार सापडते. ऐकणारा किती हातांवर बसला होता, हे क्वचितच. आणि देव तर वर्षाचे सव्वादहा महिने अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गात. म्हणजे नोंद दोन्ही ठिकाणची हवी, तीही माइक बंद ठेवून.